प्रस्तावना आणि अवतरण
(अंबरनाथच्या शिलालेखाच्या निमित्तानें)

गेल्या दोन-तीन वर्षांत ठाणें जिल्ह्याच्या स्थलेतिहासावरील सहा-सात लहानमोठे लेख अभिप्रायासाठीं माझ्याकडे आले. लेखक बहुतेक तरुण आहेत, मेहनती आहेत, आणि पदरचा पैसा खर्चून ओसाड देवळें व घरोघरचीं दफ्तरें पाहणारे आहेत. त्यांचीं नांवें घेऊन टीका करण्याचें कारण नाहीं. दोष व्यक्तीचा नसून वळणाचा आहे. या लेखांपैकीं पांचांच्या आरंभीं एक संस्कृत सुभाषित आहे. त्याखालीं भारतवर्षाच्या प्राचीन वैभवाचें एक पान, त्याखालीं संतवाणींतील दोन-तीन ओव्या. आणि मूळ विषय, म्हणजे कोणता लेख, कोणती पोथी, कोणाच्या घरीं मिळाली, हा तिसऱ्या-चौथ्या पानावर कसाबसा हजर होतो. अंबरनाथच्या देवळावरील एका लेखांत तर पांडवांनीं एका रात्रींत देऊळ उभें केल्याची लोककथा, पुराणांतील म्हणून दिलेला एक श्लोक आणि शके ९८२ चा शिलालेख हीं तिन्हीं एकाच परिच्छेदांत 'पुरावा' या एका नांवाखालीं उभीं केलीं आहेत. तिघांचें वजन सारखेंच आहे असें लेखकास वाटत नसेल. परंतु त्यानें तिघांस एकाच बाकावर बसविलें आहे, एवढें खरें. दुसऱ्या एका लेखांत इसवी सन १०६० चें शके १०६० झालें आहे. हा मुद्रणदोष असेल असें मी मानतों, पण तो प्रस्तावनेच्या पहिल्याच वाक्यांत असल्यामुळें पुढील सर्व अनुमानें अठ्ठ्याहत्तर वर्षांनीं सरकलीं आहेत.

हें वळण कोठून आलें तें मला चांगलें ठाऊक आहे, कारण तें लावणाऱ्यांपैकीं मी एक आहें. शाळेंत निबंध शिकवितांना 'आरंभ सुभाषितानें करावा, म्हणजे परीक्षकाचें मन प्रसन्न होतें' हा उपदेश मीं वर्षानुवर्षें केला. मुलें दहा-बारा सुभाषितें पाठ करून ठेवीत व विषय नदीचा असो, वर्तमानपत्राचा असो कीं परोपकाराचा असो, त्यांतलें एखादें त्याच्या कपाळीं चिकटवीत. गुणहि मिळत. मुलांच्या निबंधांत त्यानें कोणाचें नुकसान होत नाहीं. पण तींच मुलें मोठीं होऊन शिलालेखांवर लिहूं लागलीं, तेव्हां कपाळावरचा टिळा हळूहळू साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत जाऊन उभा राहिला. अवतरणाचे दोन उपयोग आहेत, एक शोभेचा व एक पुराव्याचा. आणि पहिल्या कामासाठीं आणलेलें अवतरण दुसऱ्या कामास लावणें हाच या लेखांचा मुख्य दोष आहे, असें माझें मत आहे. तें एका उदाहरणानें स्पष्ट करतों.

चिखलोलीहून अंबरनाथचें शिवालय तासाभराच्या वाटेवर आहे. तेथील लेख उत्तरेकडील दाराच्या तुळईवर कोरलेला असून बराच झिजला आहे. तो प्रथम डॉ. भाऊ दाजी यांनीं मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांनीं वर्ष वाचलें शके ७८२. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्याच नियतकालिकांत पहिला अंक सात नसून नऊ आहे असें दाखविलें व शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हें वर्ष ठरलें. एका अंकानें देऊळ दोनशें वर्षें अलीकडे आलें. आतां पाहण्यासारखी गोष्ट अशी कीं, अंक न पाहतांहि ७८२ या वाचनाविषयीं शंका घेण्यास जागा होती. लेखांत मांवाणि राजाबरोबर छित्तराजाचेंहि नांव आहे. आणि छित्तराजाचा भांडुपचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. ताम्रपट देणाऱ्या राजाचें नांव त्याच्या आधीं एकशें सहासष्ट वर्षें दगडावर कसें येईल? दगड व तांबें परस्परांची उलटतपासणी करतात ती अशी. येथपर्यंत कोणत्याहि कवीची गरज पडलेली नाहीं.

कवीची गरज पुढें पडते. छित्तराज व मांवाणि यांचें नातें काय? मध्यें नागार्जुन नांवाचा राजा ठाण्याच्या शके ९६१ च्या ताम्रपटांत येतो, तो कोण? येथें सोड्ढल नांवाच्या लाट देशांतील कायस्थ कवीची 'उदयसुंदरीकथा' साक्षीस येते. हें आठ उच्छ्वासांचें चंपूकाव्य गायकवाड प्राच्यमालेंत १९२० सालीं छापलें गेलें. बाणभट्टानें हर्षचरिताच्या आरंभीं जसें आपलें वृत्त सांगितलें, तसें सोड्ढलानेंहि आपलें कुल, आपलें शिक्षण व आपले आश्रयदाते यांचें वर्णन केलें आहे. म्हणजे ही एका अर्थीं ग्रंथकारानेंच लिहिलेली प्रस्तावना होय. तींत तो सांगतो कीं, कोकणांत छित्तराज, नागार्जुन व मुम्मुणि या तिघां सख्ख्या भावांनीं आपला सन्मान केला. मुम्मुणि व मांवाणि हीं एकाच नांवाचीं दोन रूपें होत हें नुसत्या ध्वनिसाम्यावर मानूं नये. पण तिन्हीं नांवें, त्यांचा क्रम व त्यांची राजधानी हीं ताम्रपटांशीं जुळतात, म्हणून तें मानतां येतें. अंबरनाथच्या देवळावर लिहिणाऱ्यास साहित्यांतून घेण्याजोगा हा खरा आधार आहे. माझ्याकडे आलेल्या लेखांत तो एकांतहि नाहीं! सुभाषितें मात्र आहेत.

परंतु सोड्ढल मिळाला म्हणून त्याची सगळी प्रस्तावना डोळे मिटून उचलावी, असेंहि नाहीं. त्याच प्रस्तावनेंत तो आपलें कुल वलभीच्या शिलादित्य राजाचा भाऊ कलादित्य याच्यापर्यंत नेऊन पोहोंचवितो. तिघां भावांविषयीं लिहितांना तो पाहिलेलें सांगतो. ज्यांच्या दरबारीं आपण बसलों त्यांचा क्रम चुकवून त्यास लाभ नव्हता, आणि चुकविला असता तर दाखवून देणारे लोक जिवंत होते. कलादित्याविषयीं लिहितांना तो कित्येक शतकांपूर्वींचें, ऐकीव व स्वतःच्या कुलास भूषण आणणारें सांगतो. कवि तोच, पान जवळपास तेंच, शपथ मात्र निराळी. आणि नुसत्या सोड्ढलावर विसंबल्यास एकहि सन मिळत नाहीं. तो क्रम देतो, वर्षें तांबें व दगड देतात. ज्यानें 'सोड्ढल म्हणतो' एवढेंच लिहून दोन्हीं विधानें ओळीनें मांडलीं, त्यानें सोड्ढलावर व वाचकावर सारखाच अन्याय केला.

संस्कृत शिकलेल्या माणसास श्लोक सुंदर असला कीं तो खराहि वाटूं लागतो. हा मोह मला पूर्ण परिचयाचा आहे. म्हणून शिलाहारांच्या इतिहासांतलींच आणखी दोन उदाहरणें घेतों.

काश्मीरचा मंख कवि बाराव्या शतकांतला. त्याच्या श्रीकंठचरिताच्या पंचविसाव्या सर्गांत एका विद्वत्सभेचें वर्णन आहे. त्या सभेंत कोकणचा राजा अपरादित्य यानें पाठविलेला तेजकंठ नांवाचा वकील बसलेला आहे. कोठें काश्मीर, कोठें शूर्पारक! याज्ञवल्क्यस्मृतीवर 'अपरार्क' टीका लिहिणारा शिलाहार राजा तो हाच, असें मानण्यास या सर्गानें पुष्कळ बळ दिलें. ही साक्ष इतकी मोलाची कां? कवि समकालीन, घटना त्याच्या डोळ्यांसमोरची, आणि कोकणच्या राजाची स्तुति करून काश्मिरांत त्यास कांहीं मिळावयाचें नव्हतें. साक्षीदार परका व निःस्वार्थी असावा, असें वकिलांनाहि वाटतें.

दुसरें उदाहरण मल्लिकार्जुनाच्या वधाचें. हा शिलाहार राजा. त्याचा चिपळूण येथील लेख शके १०७८ चा आहे. गुजराथच्या कुमारपालाच्या सैन्याशीं लढतांना तो मारला गेला. मेरुतुंगाच्या प्रबंधचिंतामणींत ही कथा मोठ्या रंगानें दिली आहे. एका भाटानें कुमारपालाच्या सभेंत मल्लिकार्जुनास 'राजपितामह' म्हटलें, तें ऐकून कुमारपाल रागावला व आंबड नांवाच्या मंत्र्यास त्यानें स्वारीवर पाठविलें. आंबड प्रथम हरला, दुसऱ्या खेपेस त्यानें मल्लिकार्जुनाचें शिर कापून आणलें. 'राजपितामह' हें बिरुद शिलाहारांच्या लेखांत खरोखरच येतें, म्हणून कथेचा तेवढा धागा अस्सल. पण पृथ्वीराजविजय हें काव्य उघडलें, तर तेंच शिर पृथ्वीराज चाहमानाचा बाप सोमेश्वर यानें कापलेलें आढळतें! मेरुतुंगानें ग्रंथ पुरा केला विक्रम संवत् १३६१ मध्यें, म्हणजे प्रसंगानंतर जवळजवळ दीडशें वर्षांनीं; पृथ्वीराजविजयाचा कवि काळानें जवळचा, पण तो आपल्या नायकाच्या बापाचा पराक्रम गात आहे, आणि त्याचें काव्य आपणांस ब्यूलर यांनीं काश्मिरांत मिळविलेल्या भूर्जपत्राच्या एका खंडित प्रतीवरून माहीत आहे. दोघांवरून इतकेंच निश्चित धरतां येईल कीं, गुजराथच्या स्वारींत मल्लिकार्जुन पडला. शिर कोणी कापलें हें ज्यास प्रस्तावनेंत ठामपणें सांगावयाचें असेल, त्यानें दोन्हीं अवतरणें शेजारीं शेजारीं छापावीं. एक छापून दुसरें ठेवून देणें ही लबाडी होय. दुसरें आहे हेंच ठाऊक नसणें हा आळस होय. माझ्याकडील लेखांत दुसरा प्रकार अधिक आहे, म्हणून आशा आहे.

महिकावतीच्या बखरीचेंहि असेंच. राजवाड्यांनीं ती १९२४ सालीं संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणावर लिहिणारा प्रत्येक जण तिच्यांतून प्रतापबिंबाची शके १०६० ची स्वारी घेतो व 'तेव्हांपासून बिंबांचें राज्य सुरू झालें' असें लिहितो. मग लोनाडचा अपरादित्याचा शके ११०६ चा शिलालेख व जवळच्याच चौधरपाड्याचा केशिदेवाचा शके ११६१ चा शिलालेख यांचें काय करावयाचें? कल्याणच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर शिलाहार राजे दगडावर दानें कोरीत आहेत आणि बखरींत त्यांचें राज्य गेलें आहे. बिंबांची सत्ता किनाऱ्याच्या पट्ट्यापुरती होती, किंवा वर्ष चुकलें आहे, किंवा दोन बिंबांचा एक झाला आहे. कोणतेंहि उत्तर द्यावें, पण प्रश्न झांकूं नये. ही बखर सहा प्रकरणांची, अनेक हातांची, कांहीं गद्य व कांहीं पद्य अशी आहे व तिचे जुन्यांत जुने भाग पंधराव्या शतकाच्या मागें जात नाहींत, हें राजवाड्यांनींच सांगितलें आहे. 'बखर म्हणते' असें लिहिणाऱ्यानें कोणतें प्रकरण म्हणतें तें लिहिणें हें किमान कर्तव्य आहे.

राजवाड्यांचें नांव निघालें म्हणून प्रस्तावनेविषयीं दोन शब्द. १८९८ सालच्या 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' याच्या पहिल्या खंडापासून त्यांनीं मराठींत संशोधनात्मक प्रस्तावनेचा पायाच घातला, व बखरींपेक्षां अस्सल पत्रें श्रेष्ठ हा सिद्धान्त तेथेंच मांडला. त्यांच्या प्रस्तावना लांब असत. पण त्यांचा लांबपणा आणि माझ्याकडे आलेल्या लेखांचा लांबपणा यांत अंतर आहे. राजवाडे आधीं साधन वाचकापुढें ठेवीत, त्याचे थर वेगळे करीत, मग कल्पनेचा घोडा सोडीत. महिकावतीच्या प्रस्तावनेंत तो घोडा फार दूर गेला आहे, असें माझें नम्र मत आहे. कोकणांतील वसाहतींवरून हिंदु समाजाच्या राजकीय उदासीनतेपर्यंत सगळें त्यांत आलें आहे. परिणाम असा कीं, पुष्कळ लेखक बखर न उघडतां प्रस्तावनेंतूनच उतारे घेतात, आणि राजवाड्यांचें अनुमान 'बखरींतील उल्लेख' म्हणून फिरूं लागतें. तरी वाचकास परत फिरावयाचें असेल तर मूळ संहिता पुढें छापलेली आहेच. आमच्या तरुण मित्रांच्या लेखांत घोडा पहिल्या ओळींत सुटतो व तबेला कोठें आहे तें शेवटपर्यंत कळत नाहीं.

उलट बाजूहि सांगितली पाहिजे. काव्य म्हणून साधन टाकून देणें हाहि तितकाच अविचार आहे. परमानंदाचें शिवभारत तंजावरास मिळालें व स. म. दिवेकर यांनीं १९२७ सालीं तें छापविलें. त्यांत शिवाजी महाराज विष्णूचे अवतार आहेत. आणि त्याच काव्यांत त्यांची जन्मतिथि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया अशी दिली आहे. 'अवतार खरा मानीत नाहीं, तर तिथि कां मानावी?' असा प्रश्न कोणी करील. उत्तर असें कीं, लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केलेली जेधे शकावली हीच तिथि देते, आणि ती शकावली काव्य नाहीं, कोणाची स्तुति नाहीं. नोंदींची रुक्ष यादी आहे. एकमेकांस न ओळखणारे दोन साक्षीदार एक गोष्ट सांगतात तेव्हां ती ऐकावी लागते. अवताराच्या बाबतींत शकावली गप्प आहे.

पोथ्या संग्रहीं ठेवणाऱ्यांस एक व्यावहारिक अडचण वारंवार येते, ती शब्दांकांची. शेवटच्या श्लोकांत वर्ष शब्दांनीं दिलेलें असतें व अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात. समजा, रस, सागर, बाण व चंद्र असे चार शब्द क्रमानें आले. चंद्र एक व बाण पांच यांत वाद नाहीं. पण सागर चार धरतात तसे सातहि धरतात. रस वैद्यांच्या हिशेबीं सहा, काव्यशास्त्राच्या हिशेबीं नऊ. तेव्हां शक १५४६, १५४९, १५७६ किंवा १५७९ अशीं चार उत्तरें होतात. इ. स. १६२४ ते १६५७. मधल्या तेहतीस वर्षांत महाराष्ट्रांत काय काय घडलें तें वाचकांस सांगावयास नको. शिवाय 'सागर'च्या जागीं 'वेद' घालून अर्थ निःसंशय करतां आला असता, पण दोन अक्षरांचा शब्द तेथें वृत्तांत बसत नव्हता, असेंहि घडतें. असा श्लोक प्रस्तावनेंत देऊन खालीं एकच शक लिहिणारा संपादक वाचकापासून तीन शक लपवितो. संवत्सराचें नांव, वार, तिथि यांपैकीं कांहीं दिलें असेल तर पडताळा घ्यावा व तो पडताळा छापावा. कांहींच नसेल तर चारहि शक छापावे.

आतां माझ्या स्वतःच्या अपराधाविषयीं. हा लेख लिहिण्याचें खरें कारण तें आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमच्या परिसरांतील एका देवस्थानाच्या स्मरणिकेस मीं प्रस्तावना लिहिली. एका घरीं त्या क्षेत्राच्या माहात्म्याची हस्तलिखित पोथी होती; मालकांनीं ती माझ्या हातीं एक संध्याकाळ दिली. तींतील एका श्लोकांत शिलाहार राजानें देवास अग्रहार दिल्याचा उल्लेख होता. माझ्या पाहण्यांतील कोणत्याहि स्थलमाहात्म्यांत शिलाहारांचें नांव येत नाहीं. तें येथें आलें, तेव्हां परंपरा अखंड टिकून राहिल्याचा हा पुरावाच, असें मला वाटलें. श्लोक शार्दूलविक्रीडितांतला, निर्दोष. मीं तो प्रस्तावनेच्या कपाळींहि घातला आणि आंत आधार म्हणूनहि वापरला. पुष्पिका पाहिली नाहीं. अंधार पडत आला होता, व मला श्लोक मिळाला होता.

पुढें तो श्लोक दुसऱ्यांच्या लेखांत दिसूं लागला, 'प्राचीन श्लोक' म्हणून, आधार माझा. एका लेखांत तर तो मुख्य पुरावा होऊन बसला आहे. गतवर्षीं तीच पोथी पुन्हा पाहण्याचा योग आला. पान दिव्यासमोर धरतांच कागदाच्या पोटांत गिरणीचें चिन्ह व १८९१ हें साल स्वच्छ दिसलें. शेवटचें पान उलटें लागलें होतें. तें सरळ केल्यावर पुष्पिकेंत लेखकाचें नांव नव्हतें, पण 'रचिलें' असें क्रियापद होतें, 'लिहिलें' असें नव्हे. म्हणजे ही जुन्या पोथीची नक्कल नसून नवी रचना. ठाणें जिल्ह्याचें इंग्रजी गॅझेटियर १८८२ सालीं निघालें. त्यांत शिलाहारांची वंशावळ आहे. पोथीकर्त्यास राजाचें नांव तेथूनच, प्रत्यक्ष किंवा कानावरून, मिळालें असावें. ज्या एका शब्दामुळें मीं श्लोक प्राचीन मानला, तोच शब्द तो अर्वाचीन असल्याची खूण होता. पोथीकर्त्यानें कोणास फसविलें असें मी म्हणत नाहीं. त्यानें आपल्या दैवताचें माहात्म्य नव्या माहितीसह गाइलें. फसलों मी, आणि मग इतरांस फसविलें.

तेव्हां हस्तलिखित संपादणाऱ्यांस माझी विनंति आहे कीं, प्रस्तावनेचें पहिलें वाक्य पोथीविषयीं असावें. पानें किती, लांबी-रुंदी काय, कागद हातचा कीं गिरणीचा, लिपि बाळबोध कीं मोडी, आरंभीचीं व शेवटचीं पानें आहेत कीं गळालीं, पुष्पिकेंत काय आहे, कोणाच्या संग्रहांतून व केव्हां मिळाली. हें वाचून ज्याचा उत्साह मावळेल तो वाचक आपला नव्हे. सुभाषितावर माझा राग नाहीं. अगदीं राहवत नसेल तर तें मुखपृष्ठाच्या मागें, एकटेंच छापावें. तेथें तें कोणाची साक्ष देत नाहीं. आणि आधारासाठीं श्लोक दिला कीं त्याबरोबर ग्रंथ, सर्ग किंवा प्रकरण, कोणती छापील आवृत्ति किंवा कोणती प्रत, आणि तो कवि त्या घटनेपासून किती वर्षांवर व कोणाच्या बाजूनें उभा होता, एवढें दिलें पाहिजे. यांस जागा लागते; ती प्राचीन वैभवाच्या पानांतून मिळेल.

वर सांगितलेल्या स्मरणिकेंतील श्लोकाचा आधार मी या लेखानें परत घेत आहें. ज्या लेखकांनीं माझ्यावर विश्वासून तो उद्धृत केला त्यांपैकीं ज्यांचा पत्ता मिळाला त्यांस पत्रें लिहिलीं आहेत. दोघांचीं उत्तरें आलीं, पैकीं एकानें श्लोक काढण्याचें कबूल केलें व दुसऱ्यानें 'श्लोक फार सुंदर आहे, राहूं द्यावा' असें लिहिलें. पोथी मालकांस परत केली. तिच्या रुमालांत एक चिठ्ठी ठेवली असून तींत कागदाच्या चिन्हाचें साल, पुष्पिकेचा वाचलेला पाठ व माझी सही आहे.